मळसूत्र झाकताना

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत लातूरला आक्काकडे गेलो होतो. तिने व दाजींनी नुकतेच भाड्याचे नवे घर घेतले होते आणि त्या घरासाठी एक कपाट मागविले होते. कपाट आले, पण कपाटाच्या रूपात नव्हे. तीन चपटी खोकी, त्यांत एकावर एक रचलेल्या फळ्या, स्क्रूंच्या चार पिशव्या आणि एकही शब्द नसलेला, नुसत्या चित्रांचा एक कागद! दाजी आणि मी सकाळी अकराला बसलो ते दिवेलागणीला उठलो. खाली तीन ड्रॉवर, वर चार फळ्या, असे पुरुषभर उंचीचे कपाट भिंतीशी उभे राहिले. गड जिंकल्याच्या थाटात आम्ही आक्काला हाक मारली. ती कडेवर लेकीला घेऊन आली, कपाटाभोवती एकदा नजर फिरविली आणि म्हणाली, "समदं छान झालं, पण हे इस्क्रू किती दिसायलेत! पाव्हणे आल्यावर काय म्हणतील?"

आम्ही मोजले. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर मिळून चौदा स्क्रूंची डोकी चकाकत होती. त्या संध्याकाळी घरात दोन पक्ष पडले. दाजींचे म्हणणे, स्क्रू आहेत तर दिसणारच. त्यात लाजण्यासारखे काय? आक्काचे म्हणणे, घर म्हणजे काही गॅरेज नव्हे. ते झाकलेच पाहिजेत. मी कला शाखेचा विद्यार्थी. दोघांनाही थोडे थोडे पटेल असे काहीतरी बोलून मी गप्प बसलो. पण प्रश्न मनातून गेला नाही. माझे मित्र याच अंकात दुष्काळावर आणि ग्रामीण साहित्यावर लिहीत असताना मी स्क्रूवर लेख लिहावा, हे काहींना हास्यास्पद वाटेल. त्यांना एवढीच विनंती, की शेवटापर्यंत वाचावे आणि मग हसावे.

प्रथम आक्काची बाजू घेतो, कारण ती सहसा कोणी घेत नाही. स्क्रू झाकावासा वाटणे म्हणजे खोटेपणाची हौस, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः त्यामागे साधी सौंदर्यदृष्टी आहे. आपण सदऱ्याची शिवण आतल्या बाजूला ठेवतो, वहीची शिवण पुठ्ठ्याखाली घेतो. उघड्या स्क्रूच्या खाचेत धूळ बसते, पावसाळ्यात त्याला गंज चढतो, जरा वर राहिला तर त्यात साडीचा पदर अडकतो. तेव्हा झाकणे हे काही पाप नव्हे.

आणि आपल्याकडची जुनी सुतारकी तर झाकण्याचीच कला होती. औसा तालुक्यातील माझ्या आजोळी भिंतीत बसविलेले एक सागवानी फडताळ आहे. किनवट-माहूरकडचा तो सागवान, असे आजोबा सांगत. त्या फडताळात एकही स्क्रू नाही. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला नेमकी तेवढीच खाच पाडायची, जीभ खाचेत ठोकून बसवायची आणि आडवी लाकडी खुंटी मारायची, झाला सांधा. करवत, वाकस, रंधा आणि पटाशी एवढ्या हत्यारांवर सुताराने ते केले. सांधा बाहेरून दिसत नाही, कारण तो लाकडाच्या पोटात आहे. तो लपविलेला नाही. त्याची जागाच तेथे आहे. लपविणे आणि पोटात असणे यांतला हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

मग नव्या कपाटात तसे का होत नाही? कारण फळीच बदलली आहे. लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा डिंकात कालवून, दाबून, वर चकचकीत कागद चढवून ही फळी तयार होते. तिला उभा-आडवा रेषा नाही, धागा नाही. तिच्यातून जीभ काढली तर ती बोटाने मोडेल. म्हणून सांध्याचा सगळा भार स्क्रूवर येतो. आपल्या भाषेत त्याला मळसूत्र असा सुंदर शब्द आहे, पण तो आता मळसूत्री जिन्यापुरताच उरला. इंग्लंडात हेन्री मॉडस्ले याने अठराव्या शतकाच्या अखेरीस अचूक आटे पाडणारे यंत्र उभे केले आणि पुढच्या शतकात यंत्रावर बनलेला स्क्रू स्वस्त झाला. तोवर तो महागाची, हाताने घासून केलेली वस्तू होती.

स्वस्त स्क्रूने काय घडविले, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मिखाएल थोनेट याची १८५९ सालची खुर्ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात ती संपते. सुटे भाग करून एक घनमीटरच्या पेटीत अशा छत्तीस खुर्च्या मावत आणि जेथे पोचतील तेथे जोडल्या जात. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांतील वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या त्याच कुळातल्या. पुढे स्वीडनच्या आयकिया कंपनीने १९५६ पासून पाय सुटे केलेले टेबल चपट्या खोक्यात घालून विकायला आरंभ केला. त्या कंपनीचे भारतातले पहिले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला निघाले, आणि नांदेडकरांना हैदराबाद काही परके नाही. आक्काचे कपाट त्या दुकानातले नव्हते. पण कल्पना तीच. कारखान्याने कापायचे, गिऱ्हाइकाने जोडायचे. सुतार मधून गेला आणि त्याचे काम तुमच्या-आमच्या हाती आले. त्याबरोबर त्याची जबाबदारीही आली, हे मात्र खोक्यावर छापलेले नसते.

आता झाकण्याच्या रीती पाहू. पहिली रीत सर्वांत शहाणपणाची: स्क्रू अशा जागी घ्यावा की जेथे नजर जात नाही. आतल्या बाजूने, फळीच्या खालून, पाठीमागून. दुसरी रीत कारखान्याची: फळीच्या पोटात लोखंडी खिट्टी आणि आतल्या अंगाला पंधरा मिलिमीटरची गोल चकती, पेचकसाने चकती फिरविली की ती खिट्टी ओढून धरते आणि बाहेर काहीच दिसत नाही. जुन्या सांध्याची ही दूरची नातलग म्हणता येईल. तिसरी रीत प्लास्टिकच्या टोपीची किंवा फळीच्या रंगाच्या गोल चिकटपट्टीची. पाच-दहा रुपयांत काम होते आणि नखाने ती निघते. चौथी रीत खऱ्या लाकडासाठी: स्क्रू खोल बसवून वर त्याच लाकडाचा डाट मारायचा, मात्र डाटाची रेषा फळीच्या रेषेशी जुळली पाहिजे. आणि पाचवी रीत म्हणजे भुसा व फेव्हिकॉल कालवून लांबी करायची, स्क्रूच्या डोक्यावर थापायची, घासायची आणि वरून रंग मारायचा. ही सर्वांत सोपी, सर्वांत सफाईदार आणि माझ्या मते सर्वांत घातक.

घातक का, ते अनुभवाने सांगतो. नांदेडला आम्ही तिघे मित्र एका खोलीत राहत होतो. वर्गणी काढून पुस्तकांसाठी एक जोडणीची मांडणी आणली. आमच्यातील एकाला चित्रकलेचे अंग होते. त्याने सगळ्या स्क्रूंवर लांबी भरून असा रंग दिला, की पाहणाराने तोंडात बोट घालावे. आम्हीही कौतुक केले. जून उजाडला, घरमालकाने भाडे वाढविले, खोली सोडायची वेळ आली. जिना अरुंद, मांडणी सुटी केल्याशिवाय उतरेना. आणि स्क्रू कोठे आहेत ते आम्हांलाच आठवेना! अंदाजाने खरवडले. सापडले त्यांच्या खाचा लांबीने भरलेल्या. पेचकस धरेना, घसरून खाच झिजली. शेवटी हातोडी आली. भुशाची फळी ती. स्क्रूसकट कोपरे तुटून आले. ज्या दोन फळ्या वाचल्या त्यांची भोके इतकी सैल झाली, की पुन्हा स्क्रू धरेनात. तीन घरांतून आलेले पैसे आम्ही त्या दिवशी जिन्याखाली टाकून आलो. लातूर-नांदेडच्या किती खोल्यांतून दर जूनमध्ये असे मोडके कोपरे बाहेर पडत असतील! खोली बदलणे हे ज्यांच्या नशिबीच लिहिले आहे, त्यांनी न उकलणारी वस्तू करणे म्हणजे स्वतःच्याच खिशाला भोक पाडणे होय.

म्हणून आक्काकडे मी लांबीला ठाम विरोध केला आणि चिकटपट्टीवर तडजोड झाली. दुसऱ्या दिवशी दाजींनी ती आणली. चौदा ठिकाणी चौदा चकत्या चिकटल्या. आक्का प्रसन्न झाली. येथेच हा लेख संपला असता.

पण त्याच दुपारी न्हाणीघराचे दार दुरुस्त करायला शेजारच्या गल्लीतले सुतारमामा आले. वय साठीच्या पुढचे. दाजींनी हौसेने कपाट दाखविले. मामांनी चकत्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी तिन्ही ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढले आणि वरच्या ड्रॉवरवर नुसता तळहात टेकला. अख्खे कपाट पुढे झुकले. मामांनी दुसऱ्या हाताने ते सावरले आणि विचारले, "हे भितीला बांधलं न्हाई का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. स्क्रूंच्या चार पिशव्यांपैकी एक तशीच खोक्यात पडली होती. तीत लोखंडाची एक वाकडी पट्टी, दोन स्क्रू आणि प्लास्टिकच्या दोन गिट्ट्या होत्या. जास्तीचे सामान समजून आम्ही ती बाजूला टाकली होती. खरे सांगायचे तर चित्रांच्या कागदावर शेवटी ती पट्टी दिसली होती. पण भिंतीला भोक पाडले तर घरमालक रागावेल आणि वर ती पट्टी वाईट दिसेल, म्हणून आम्ही तिकडे काणाडोळा केला होता. मामा म्हणाले, "अन् हे लेकरू उद्या ड्रॉवरची पायरी करून वर चढलं म्हंजी?" माझी अडीच वर्षांची भाची त्या वेळी त्याच ड्रॉवरमध्ये बसायची खटपट करीत होती.

चौदा स्क्रू झाकण्यासाठी आम्ही दोन दिवस वाद घातला होता. जे दोन स्क्रू खरोखर महत्त्वाचे, ते पिशवीतच राहिले होते.

हा केवळ आमचा वेंधळेपणा नव्हे. अमेरिकेत जून २०१६ मध्ये आयकियाने सुमारे दोन कोटी नव्वद लाख ड्रॉवरची कपाटे परत मागविली. भिंतीला न बांधल्यास ती पुढे कोसळू शकत होती, आणि अशा अपघातांत तोवर सहा बालकांचे प्राण गेल्याची नोंद होती. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तेथे अशा कपाटांच्या स्थिरतेसाठी स्वतंत्र कायदा झाला. कपाट मोडल्यामुळे ही मुले गेली नाहीत. कपाट धडच होते. ते भिंतीशी बांधलेले नव्हते, एवढेच.

आणि बांधलेले नसण्याची किंमत काय असते, हे लातूर जिल्ह्याने अमेरिकेकडून शिकावे असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीने पाहिली नाही, पण ऐकली आहे. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती, आणि चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली. सुमारे आठ हजार माणसे गेली. ती मारली भूकंपाने, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेकांना मारले घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती होत्या. बाहेरून घडीव दगडांची देखणी फळी, आतून दुसरी फळी आणि मध्ये मातीत टाकलेले गोटे. दोन्ही फळ्यांना एकत्र धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड पुष्कळ ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच भिंत उभी चिरली, दोन्ही अंगे दोन दिशांना गेली आणि वरचे माळवद, पांढऱ्या मातीच्या जाड थरासह, खाली आले. जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तेथे भिंती ढासळूनही छत खांबांवर टिकल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे आजोळच्या फडताळातला तोच सांधा, जीभ आणि खाचेचा!

भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या जुन्या भिंती मजबूत करण्याची जी पद्धत तज्ज्ञांनी सांगितली, तीत भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरणे हा एक प्रमुख भाग होता. त्या काँक्रीटची तोंडे भिंतीवर ठिपक्यांसारखी दिसतात. आक्का म्हणाली असती, किती वाईट दिसायलंय! पण ज्याला ठाऊक आहे, त्याला तो ठिपका पाहून झोप लागते.

येथे कोणी म्हणेल, एका स्क्रूवरून भूकंपापर्यंत जाणे ही अतिशयोक्ती झाली. कपाट म्हणजे घर नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु चूक एकाच जातीची आहे. दोन्ही ठिकाणी आपण दर्शनी बाजू पाहतो आणि सांधा विचारीत नाही. देखणेपणाशी माझे भांडण नाही. देखणेपणाची चिंता संपली की कामच संपले, या समजुतीशी आहे.

इंग्रजी साहित्याच्या मित्रांना जॉन रस्किन ठाऊक असेल. ज्याच्या पुस्तकाने गांधीजींचे जीवन पालटले, तोच. त्याने १८४९ साली वास्तुकलेवर लिहिताना सत्याचा विचार मांडला आहे. खोट्या आधाराचा, म्हणजे नसलेला भार उचलल्याचे सोंग करणाऱ्या बांधकामाचा तो कडक निषेध करतो. पण बांधणी झाकणे यालाच तो खोटेपणा म्हणत नाही. माणसाच्या त्वचेखाली हाडे झाकलेली असतात, म्हणून आपण खंत करीत नाही, असे तो सुचवितो. फक्त जाणत्या नजरेला बांधणी उमगावी, अशी रचना त्याला अधिक थोर वाटते. मला यात आक्का आणि दाजी दोघांचेही उत्तर दिसते. त्वचा हवीच. पण त्वचेखाली हाड असले पाहिजे, आणि मोडले तर वैद्याच्या बोटांना ते लागले पाहिजे.

तेव्हा माझे मत असे: स्क्रू झाकावा, पण गाडू नये. जे झाकण नखाने निघते ते झाकण; जे हातोडीशिवाय निघत नाही ते थडगे. दुसरे असे, की जो स्क्रू जीव सांभाळतो तो दिसतो म्हणून गाळू नये. तिसरे म्हणजे, झाकण्याचा विचार शेवटी करावा. आधी ड्रॉवर ओढून, तळहात टेकून पाहावे, चकत्या त्यानंतर.

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील लोखंडी मांडण्या पाहा. भोके पाडलेले अँगल, त्यांत नट-बोल्ट, सगळे उघडे. पुस्तके उंच आली की फळी एक भोक खाली घ्यायची, वाढली की मांडणी जोडायची. त्या मांडण्यांना कोणी सुंदर म्हणत नाही. पण आपले सगळे ज्ञान त्यांच्याच खांद्यावर उभे आहे, आणि त्यातला कोणताही बोल्ट ग्रंथालयाचा शिपाई डोळे मिटून शोधू शकतो. दिवाणखाना असाच असावा, असा आग्रह मी धरणार नाही. परंतु दिवाणखान्यातल्या वस्तूलाही उद्या कोणीतरी उकलणार आहे, दुरुस्त करणार आहे, दुसऱ्या गावी नेणार आहे, हे जोडताना आठवावे. आपण झाकतो ते आजच्या पाहुण्यासाठी. पण वस्तू जोडायची ती उद्याच्या सुतारासाठी.

आक्काकडे त्याच संध्याकाळी दाजींनी घरमालकाला फोन करून भोक पाडायची परवानगी मागितली. ती चटकन मिळाली. आम्ही उगाच घाबरलो होतो. मामांनी दोन भोके पाडली, गिट्ट्या बसविल्या, पट्टी ठोकली. मजुरी द्यायला गेलो तर दाराचे तेवढे पैसे घेतले. पट्टी कपाटाच्या डोक्यावर चांगली चार बोटे वर दिसते. आक्काने ती अजून झाकलेली नाही. परवा फोनवर म्हणाली, पाव्हणे विचारतात, ही पट्टी कशाची. आणि ती त्यांना सांगते, आणि मग त्यांच्याही घरच्या कपाटाची चौकशी करते.

मित्रहो, या सुटीत घरी गेलात तर एवढे करा. घरातल्या सर्वांत उंच कपाटाचे ड्रॉवर एकदा ओढून पाहा, आणि एखादी न फोडलेली छोटी पिशवी कोठे पडली आहे का, ते शोधा.